पिंगळा आधी, खो-खो नंतर

पत्र : सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली, सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. खो-खोत ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा दोनदा खेळले, कबड्डीत जिल्ह्याकडून राज्य स्पर्धा. पक्षी आणि सापांचा नाद शाळेपासूनचा. डॉक्टर, शिवाय निसर्गसंवर्धनाचं काम आणि वर दोन खेळांत देशाकडून खेळलेली अशी माणसं जगात होऊन गेलीत, असं वाचलं, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. बाबा म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. तिन्ही जमेल का? जमेल तर कसं? आणखी एक. हॉस्टेलमागे पंख दुखावलेला पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, सापडला. चार दिवस माझ्या खोलीत खोक्यात ठेवलाय. त्याला वेदनाशामक गोळीचा किती भाग द्यावा? गुडघ्यासाठी मी डायक्लोफेनॅक घेते, तेच जवळ आहे. – खो-खोवाली

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे थांबू शकतात, पिंगळा थांबू शकत नाही. गोळी देऊ नकोस. कणभरही नाही. पिंगळ्याचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. तुझं पन्नास किलो धरलं तर तुझ्या ५० मिलिग्रॅमच्या गोळीचा त्याच्या वाट्याला नुसत्या वजनाच्या हिशेबाने चारशेवा-पाचशेवा भाग येईल. तो नखाने खरवडून मोजता येत नाही, आणि हा हिशेबही माणसाच्या मूत्रपिंडाला धरून आहे, पक्ष्याच्या नाही.

आज करायचं ते असं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन कर. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे असा प्राणी सरकारी मालमत्ता असतो आणि हाती आल्यापासून ४८ तासांत कळवावं लागतं. तुझे चार दिवस झाले आहेत. उशीर झाला म्हणून लपवू नकोस. नेमका कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता सापडला, काय खायला घातलं, हे कागदावर लिहून दे. बरा झाल्यावर सोडायचा तो त्याच परिसरात, म्हणून जागेची नोंद महत्त्वाची.

ते लोक येईपर्यंत पुठ्ठ्याचं खोकं, खालच्या अंगाला बोटभर भोकं, तळाशी जुनं सुती कापड. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासात नख्या अडकतात. तारेचा पिंजरा नको, पिसं तुटतात. खोकं अंधारात, शांत जागी. दूध, भात, पाव काही नाही. चोचीत पाणी ओतू नकोस. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. आणि मैत्रिणींना दाखवणं आता पुरे. पक्ष्यांचं हाड दोन-तीन आठवड्यांत जुळतं, वाकडं जुळलं तर तो पंख कायमचा गेला. म्हणजे चार दिवस हा लहान काळ नाही.

आता त्या गोळीकडे येऊ, कारण तुझ्या तिन्ही आवडी तिच्यात एकत्र आल्या आहेत.

नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने संपत गेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर हजारात एखादं उरलं. रोग, कीटकनाशकं, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. उत्तर मिळालं ते २००४ मध्ये, पाकिस्तानात केलेल्या अभ्यासातून. गुरांना दुखण्यावर दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जात होतं, त्याची मूत्रपिंडं बंद पडत होती आणि आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर साचत होता. शंभरातल्या एका मढ्यातही औषध नसेल, तरी संख्या कोसळायला तेवढं पुरतं. एका मढ्यावर डझनावारी गिधाडं उतरतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. भरून कुठून निघणार?

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. पण माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसाच्या इंजेक्शनचं पॅकही ३ मिलिलिटरच्या एका डोसपुरतं केलं. पुढे किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल गिधाडांना सोसतं. हे सगळं लांबण लावून सांगतोय ते अशासाठी की, संवर्धन म्हणजे साप धरणं नि पक्षी पाळणं असं तुझ्या पत्रातून वाटतं. औषधाच्या दुकानात कोणत्या मापाची बाटली मिळते, यावर एक अख्खी जात तगते किंवा जाते. हे काम डॉक्टरला जेवढं कळेल तेवढं दुसऱ्याला कळणार नाही. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडांसाठी काम झालं आहे. पहिल्या लांब सुट्टीत तिथे जा आणि गावकरी मेलेल्या जनावराचं काय करतात, ते विचार.

आणि तुझा गुडघा. वाटीच्या खाली, दोरीसारख्या भागावर बोट दाबल्यावर दुखत असेल तर पाटीवर तासन्‌तास उकिडवं बसून, खो मिळाला की झटक्याने उठण्याचा तो हिशेब आहे. त्यावर गोळी हा उपाय नाही. पाठ भिंतीला टेकून, अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं ४५ सेकंद थांबायचं, दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा, दिवसाआड. दुखणं दहातल्या तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना वाढलेलं वाटलं तर आदला दिवस जास्त झाला. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा वळताना दगा देत असेल, तर मात्र ऑर्थोच्या ओपीडीत जा, वरच्या वर्षाच्या मित्राला दाखवून भागवू नकोस. उन्हाच्या सामन्याआधी ‘खबरदारी म्हणून’ डायक्लोफेनॅक घेणं आजपासून बंद. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा ज्या रसायनांच्या जोरावर टिकतो, तीच हे औषध दाबतं. गिधाडाचं जे बिघडतं, तेच तुझंही बिघडू शकतं, इतकाच फरक की तुला सलाईन मिळतं. सलाईनचं वेगळं सांगायचं आहे, ते पुढे.

तिन्ही जमेल का? एकाच वेळी नाही. एकामागून एक, हो. आणि ज्यांची उदाहरणं देऊन लोक पोरांना चढवतात, त्यांनीही तसंच केलं.

दक्षिण आफ्रिकेचा टपी ओवेन-स्मिथ घे. १९२९ मध्ये विशीत इंग्लंडविरुद्ध लीड्सला १२९ धावा, शेवटच्या जोडीसाठी १०३ ची भागीदारी. त्याचे कसोटी सामने किती? पाच. सगळे त्याच एका मालिकेतले. मग ऑक्सफर्ड, मग लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात डॉक्टरी, आणि रग्बी इंग्लंडकडून. १९३७ मध्ये तो इंग्लंडचा कर्णधार होता. क्रिकेट उन्हाळ्यात, रग्बी हिवाळ्यात. शिवाय सेंट मेरीजला त्या काळी रग्बी खेळणारा विद्यार्थी हवाच असायचा. एवढी सोय असूनही कसोटी क्रिकेट सुटलंच. ऑस्ट्रेलियाचा ओटो नॉथलिंग रग्बीचा भरवशाचा फुलबॅक. १९२८ मध्ये सिडनीला ब्रॅडमनला वगळून त्याला घेतलं, आणि तो त्याचा एकमेव कसोटी सामना ठरला. पुढे तो त्वचारोगतज्ज्ञ म्हणून जगला. आयर्लंडचा डॉ. केविन ओफ्लॅनगन फुटबॉल आणि रग्बी दोन्ही देशाकडून खेळला, डॉक्टरी करता करता आर्सेनलकडूनही हौशी म्हणून उतरला. तो जमाना हौशी खेळाडूंचा होता. आज राष्ट्रीय शिबिर म्हणजे नोकरीच असते.

आपल्याकडचा धडा एम. जे. गोपालनचा. १९३४ मध्ये क्रिकेटची कसोटी, १९३५ मध्ये ध्यानचंदबरोबर हॉकीचा न्यूझीलंड दौरा. १९३६ मध्ये एकीकडे बर्लिन ऑलिंपिकची हॉकी, दुसरीकडे क्रिकेटचा इंग्लंड दौरा. त्याने क्रिकेट निवडलं. इंग्लंडमध्ये एकही कसोटी मिळाली नाही आणि हॉकीच्या संघाने सुवर्णपदक आणलं. चूक त्याच्या खेळात नव्हती, तारखा एकमेकींवर आल्या. तुझंही अडणार ते तारखांवरच. डॉ. टी. आओंचं उदाहरण बाबांना सांग : १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार होते आणि त्या वेळी कोलकात्यात मेडिकल शिकत होते. १९५० मध्ये एमबीबीएस झाले आणि नागा टेकड्यांत जाऊन सरकारी डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं. चिंध्या नाही झाल्या. पण खेळ एकच होता, हेही सांग.

आता तुझ्या तारखांचा हिशेब. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते. समज, प्रात्यक्षिकाचे २०० दिवस आहेत; म्हणजे ४० चुकवता येतात. राष्ट्रीय शिबिर ३० दिवस, स्पर्धा ८, प्रवास ४. झाले ४२. एका खेळाचं एकच निवड-शिबिर तुझी सगळी सूट खाऊन वर दोन दिवस मागतं. दुसऱ्या खेळाला जागा कुठे? शिवाय हजेरी विषयागणिक मोजतात, त्यामुळे गुरुवारी-शुक्रवारी निघून सोमवारी येणारी मुलगी ॲनाटॉमीत सुटते आणि ज्या विषयाचं प्रात्यक्षिक नेमकं शुक्रवारी असतं त्यात अडकते. वर्गाचं वेळापत्रक समोर ठेवून कुठला विषय किती वेळा बुडणार, ते आत्ताच मोज. पत्र आधी द्यायचं असतं, नंतर नाही : संघटनेचं निवडपत्र, शिबिराच्या तारखा, बुडणारी प्रात्यक्षिकं आणि ती कोणत्या बॅचबरोबर भरून काढणार याचा तक्ता, हे सगळं एका पानावर, अधिष्ठाता आणि त्या त्या विभागप्रमुखाकडे, पोच घेऊन. नुसतं ‘खेळाडू आहे, सवलत मिळावी’ लिहिणाऱ्यांचे अर्ज फायलीत राहतात. पहिलं वर्ष पास व्हायला चार संधी आणि चार वर्षं, अख्ख्या अभ्यासक्रमाला नऊ वर्षं, ही बाहेरची कुंपणं लक्षात ठेव. पण कुंपणापर्यंत जाऊ नकोस. पहिल्या वर्षी अडकलेल्याचा पुढचा प्रत्येक हंगाम परीक्षेवर आदळतो.

मग खो-खो की कबड्डी? आमचं मत स्पष्ट आहे : आत्ता खो-खो, कबड्डी पुढे. कारण शरीराचं आहे. खो-खोला हलकं अंग, सूर मारायचं धाडस, साखळीत पळताना हुल देण्याची चपळाई लागते, आणि ही विशीच्या आसपास सर्वांत धारदार असते. कबड्डीला पकडीत समोरच्याचं वजन अंगावर घ्यावं लागतं. महिलांच्या वरिष्ठ गटाची मर्यादा ७५ किलोची आहे, यावरून समोर कोण उभी असेल ते बघ. ती ताकद आणि चढाईतलं डोकं पुढच्या वयातही वाढत राहतं. उलटा क्रम लावलास, कबड्डीसाठी सहा-सात किलो चढवलेस, तर खांबाजवळ वळतानाच ते जाणवेल. दोन्ही एकदम करणाऱ्यांचं जे बिघडतं ते बहुधा गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाचं, कारण पळून थकलेला पाय कबड्डीत कुणाच्या तरी पकडीत पिळला जातो. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतलेल्यांत तो पुन्हा तुटण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. म्हणजे एक पकड आणि एक वर्ष गेलं.

दोन्हींत देशाचं दार कुठे आहे, तेही पाहा. महिला कबड्डी २०१० पासून आशियाई क्रीडा स्पर्धांत आहे. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. प्रियंका इंगळे कर्णधार असलेल्या भारतीय महिला संघाने तो जिंकला. म्हणजे खो-खोचं दार नुकतंच उघडलंय. विद्यापीठाकडून, म्हणजे तुझ्या बाबतीत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून, खेळायला वयाची अट २५ वर्षांच्या आतली. तू १९ ची धरली तर सहा हंगाम. पहिले तीन खो-खोचे. कबड्डी त्या काळात आंतरमहाविद्यालयीनच्या वर नको, आणि एका हंगामात दोन शिबिरं कधीही नकोत.

आठवड्याचं ओझं मोजायला यंत्र लागत नाही. सरावाची मिनिटं गुणिले तुला तो किती जड गेला याचे दहापैकी गुण. ९० मिनिटं, ६ गुण : ५४०. आठवड्याची बेरीज वहीत लिही. ही बेरीज एका आठवड्यात एकदम दीडपट झाली, उदाहरणार्थ परीक्षेनंतरच्या पहिल्या आठवड्यात ‘भरून काढायला’ गेलीस, की मांडीचा मागचा स्नायू ओढला जातो. अंतर्गत परीक्षेच्या दोन आठवड्यांत सराव बंद करू नकोस, तीन वेळा अर्धा-पाऊण तास ठेव. नॉर्डिक, म्हणजे कुणी घोटे धरून ठेवायचे आणि आपण गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकायचं, पाच-पाचचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा, बारा महिने. झोप तोडून अभ्यास आणि पहाटे पाचला मैदान, हे एका महिन्यात अंगावर येतं. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घे; मुलींत दम लागण्याचं खापर सरावावर फुटतं आणि कमी असतं ते लोह.

मेडिकलच्या मुलांना एक खास धोका असतो : औषध हाताशी असतं. उत्तेजकविरोधी (डोपिंगच्या) नियमांप्रमाणे सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाच्या वर स्पर्धेच्या काळात चालत नाही. ट्रामाडोल हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेत बंद. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात बंद, आणि ट्रायमसिनोलोन सांध्यात घेतलं असेल तर सामन्याआधी निदान दहा दिवस हवेत. आणि सलाईन : अशक्तपणा वाटला म्हणून हॉस्टेलच्या खोलीत मैत्रिणीने बाटली लावली, तर ती उत्तेजकविरोधी नियमांचा भंग आहे. शिरेतून बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव फक्त रुग्णालयातल्या उपचारासाठी, शस्त्रक्रियेसाठी किंवा तपासणीसाठी चालतो. स्पर्धेत असो वा नसो. बंदी असलेल्या औषधांची यादी दर १ जानेवारीला बदलते. नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, ‘नो (Know) युवर मेडिसिन’ ॲपवर औषधाचं नाव टाकून बघ. खरंच लागणारं औषध यादीत असेल तर आधी टीयूई, म्हणजे उपचारासाठी ते वापरायची सूट, घ्यायची. डायक्लोफेनॅक यादीत नाही, पण वर सांगितलेलं विसरू नकोस.

उरलं संवर्धन. सापांचा नाद आहे म्हणतेस, तर आत्ता साप हाताळू नकोस. घोणशीचा किंवा नागाचा बोटाला झालेला दंश जीव वाचला तरी मांस सडवून बोट घेऊन जाऊ शकतो, आणि ते बोट तुला टाके घालायलाही लागणार आहे. हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमट्यांचं नाव तुझ्या मनात असणारच. त्यांचं प्राणी-अनाथालय सुरू झालं ते दवाखान्याच्या अंगणातून, शिकारीत आई मेलेल्या माकडाच्या पिलापासून, आणि आधी तिथल्या माडिया माणसांशी नातं होतं म्हणून. नुसते प्राणी गोळा करायचे म्हटले तर आजच्या कायद्यात परवाने लागतात. पुण्यात डॉ. एरक भरूचांनी सर्जन असताना दुसरी वाट धरली, पर्यावरण शिक्षणाची.

तुझी वाट कदाचित साप आणि माणूस यांच्या मधली. एमबीबीएसनंतर सरकारी कॉलेजच्या मुलांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असतेच. ती टाळायला पैसे भरण्याऐवजी गडचिरोली, मेळघाट किंवा दोडामार्गच्या बाजूचं प्राथमिक आरोग्य केंद्र माग. तिथे घोणस-फुरशांसारखा, रक्त गोठू न देणारा विषारी दंश ओळखायची साधी चाचणी चुकताना दिसेल : २ मिलिलिटर रक्त, स्वच्छ कोरडी काचेची नळी, वीस मिनिटं न हलवता. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि फुकट प्रतिविष जातं. गोठायला काचच लागते. ही एक नळी नीट ठेवलीस की दोन जीव वाचतात, कारण दवाखान्यावर भरवसा बसलेलं गाव साप दिसताच काठी उचलत नाही. दोडामार्गकडे माकडतापही आहे. रानात मेलेलं माकड दिसलं की गोचिडीतून माणसांत ताप येण्याची ती आगाऊ खबर असते. मेलेल्या माकडांची नोंद वनखात्याकडे आणि तापाच्या रुग्णांची आरोग्यखात्याकडे, अशी दोन वह्यांत पडून राहते. ती एका वहीत आणायला दोन्हीकडचं कळणारं माणूस हवं.

त्याआधी, पहिल्या वर्षातच, जलसंत्रास प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेव : ० आणि ७ वा दिवस, मग २१ वा किंवा २८ वा. प्राण्यांशी काम करणाऱ्यांसाठी ती असतेच; प्राणी चावल्यावरचे डोस तरीही घ्यावेच लागतात, पण कमी.

पिंगळ्याचा ताबा दिलास की अधिकाऱ्याकडून सहीची पोच मागून घे. ती पहिल्या पानावर लाव आणि त्याच वहीत पुढे सरावाची बेरीज लिहायला सुरुवात कर.